'काय वाचू?' असं कुणी विचारलं तर

वाचनालयात नव्यानं रुजू झालेली मुलगी असो, वाचनतासाची जबाबदारी अंगावर पडलेला शिक्षक असो, की घरच्या कपाटातून गल्लीतल्या पोरांना पुस्तकं द्यायला लागलेल्या एखाद्या काकू असोत, पहिल्याच आठवड्यात एक वाक्य ऐकू येतं : "चांगलं काहीतरी सुचवा की." विचारणारा दहा वर्षांचा असतो किंवा सत्तरीचा. 'चांगलं' म्हणजे त्याच्या मनात काय आहे, ते त्यालाही नीट सांगता येत नसतं. मग आपण जे नाव पहिल्यांदा आठवेल ते सांगून मोकळे होतो आणि ते पुस्तक पंधरा दिवसांनी न उघडता परत येतं.

मी सांगलीत एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव टेबलावर बावीस वर्षं बसले. आता नव्या मदतनीस मुलामुलींना शिकवते. त्यांना जे सांगते तेच इथं क्रमानं लिहिते आहे. उदाहरणं सातारा-सांगलीकडची जास्त येतील, कारण माझे वाचक इथले. तुमच्या मुलखातली तुम्ही घाला.

पहिली पायरी : कपाटाकडे वळण्याआधी तीन प्रश्न

"तुम्हाला काय आवडतं?" असं विचारू नका. "काहीही चालेल" हेच उत्तर येतं. त्याऐवजी हे विचारा : शेवटपर्यंत वाचलेलं सगळ्यात अलीकडचं पुस्तक कुठलं? कुठलं अर्धवट सोडलंत? आणि वाचणार कधी?

पहिल्या प्रश्नाला वीस वर्षांपूर्वीचं उत्तर आलं तरी ते सोन्यासारखं समजा. हळदीच्या पेठेत हमाली करणारे एक गृहस्थ मुलीचं कार्ड काढायला आले होते. मुलगी बालविभागात रमली आणि हे टेबलापाशी नुसते उभे. मी म्हटलं, "तुम्हीही न्या की एखादं." ते म्हणाले, "आमची शाळा सातवीपातुर, मॅडम. कुठलं वाचन आन् काय." शेवटचं काय वाचलं होतं ते विचारलं, तेव्हा जरा थांबून म्हणाले, "चांदोबा. विक्रम-वेताळ. अंक आला की आधी ते पान काढायचो." एवढं मला पुरलं. ज्याला वेताळाच्या गोष्टी आवडल्या त्याला घटना हवी, पुढं काय झालं ही ओढ हवी, लांबण नको. मी अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' हातात दिली. मागं लेखकाचं गाव वाटेगाव असं वाचून ते म्हणाले, "हे तर आमच्या पाव्हण्यांचं गाव." नवव्या दिवशी पुस्तक परत आलं. मधल्या दोन पानांवर हळदीच्या बोटांचे पिवळे ठसे होते. ते आम्ही पुसले नाहीत.

तिसरा प्रश्न नवख्यांना बिनकामाचा वाटतो. पण इस्लामपूरहून रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या कारकुनाला सातशे पानांची कादंबरी दिली, तर ती डब्याच्या पिशवीत मावत नाही. म्हणून घरी राहते आणि घरी वेळ नसतो. त्याला व्यक्तिचित्रं द्या, कथा द्या : एका फेरीत एक संपते. रात्री झोपण्याआधी वाचणाऱ्या बाईला दुःखाचं पुस्तक देताना दोनदा विचार करा. दुपारी भांडी आवरून बसणाऱ्या बाईला तासभर सलग मिळतो, तिला जाड पुस्तक चालतं. पुस्तक किती थोर आहे याआधी ते कुठं आणि कधी उघडलं जाणार आहे, हे पाहायला शिका.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतले दोन मला पाठ आहेत : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. या लेखात मी जे सांगते आहे ते त्या दोन नियमांच्याच पोटातलं आहे.

दुसरी पायरी : आपलं कपाट ओळखा

सगळी पुस्तकं वाचून होणार नाहीत. होण्याची गरजही नाही. पण हाताशी पन्नास पुस्तकं अशी हवीत की ज्यांच्याबद्दल तुम्ही कागद न बघता दोन वाक्यं बोलू शकाल. ही पन्नास स्वतःच्या आवडीची ठेवू नका. दहा लहान मुलांची, दहा पोरवयातल्यांची, पाच विनोदाची, पाच भीतीची-रहस्याची, अशी वाटून घ्या. मला स्वतःला भयकथा सोसत नाहीत, तरी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मी मुद्दाम वाचले. समोरच्या पोराला ते हवे असतात आणि "ते नको, हे वाच" म्हणणारी बाई त्याला नको असते.

बाकीच्या पुस्तकांसाठी माझी रीत अशी : पहिलं पान, मग मध्येच कुठलंही एक पान, आणि शेवटी मागच्या बाजूला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. ती चिठ्ठी फार बोलते. ओळीनं पाच तारखा एकमेकींना चिकटून असतील तर पुस्तक हातोहात गेलं आहे. तारीख पडून मुदतीच्या आत दोनच दिवसांत परतीची खूण असेल आणि असं तीनदा झालं असेल, तर पहिल्या वीस पानांतच काहीतरी अडतं आहे. अनुवादित पुस्तकांत हे हमखास दिसतं. एकदा एक गाजलेलं परदेशी पुस्तक मी मराठीत आलं म्हणून आनंदानं चार जणांना दिलं आणि चौघांनीही परत केलं. मग बसून वाचलं, तर वाक्यंच्या वाक्यं मराठीत उभी राहत नव्हती. तेव्हापासून अनुवादाचं एक पान मोठ्यानं वाचून पाहिल्याशिवाय मी कुणाच्या हाती देत नाही.

नव्यांना मी एक दिवस भिलारला जायला सांगते. पाचगणीच्या वाटेवरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना घेतली. तिथं घराघरांत वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं मांडली आहेत : एका घरी इतिहास, दुसऱ्या घरी बालसाहित्य, तिसऱ्या घरी कविता. बसून वाचायला पैसे लागत नाहीत. आपलं बालसाहित्याचं कपाट कसं आहे, हे कुणाच्या तरी ओसरीत मांडलेलं पूर्ण कपाट बघितल्यावरच कळतं. जाताना वही न्या.

इथं एक गोष्ट सांगायची राहू नये. लहान मुलांचा हात पोचावा म्हणून त्यांची पुस्तकं बहुतेक ठिकाणी सगळ्यात खालच्या कप्प्यात असतात. आमच्याकडेही होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा सर्वांत आधी तीच बुडाली. पाणी ओसरल्यावर चित्रांची पानं एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. त्यानंतर राज्यभरातून माणसांनी पोत्यांनी पुस्तकं पाठवली. मनापासून पाठवली, पण निवडायला बसलो तर निम्मी पोती जुनी गाइडं आणि सुटे खंड. पुस्तक दान करणाऱ्यांनी 'हे आपल्या नातवाला देऊ का?' एवढं एकदा मनाशी विचारावं. नदीकाठच्या गावात असाल तर मुलांची पुस्तकं मधल्या कप्प्यात ठेवा आणि पुढ्यात एक भक्कम पाट ठेवा.

तिसरी पायरी : शाळेत न जाणारी आणि नुकती जायला लागलेली

सहा वर्षांखालच्या मुलासाठी पुस्तक निवडताना खरं तर वाचून दाखवणाऱ्यासाठी निवडायचं असतं. थकून आलेल्या आईला किंवा वडिलांना रोज रात्री तेच पुस्तक विसाव्यांदा वाचायचं आहे. म्हणून वाक्यं बोलण्यातली हवीत आणि चित्रात शोधायला काहीतरी हवं. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मी डोळे मिटून देते. त्यातली घरातली माणसं आपल्या घरातली वाटतात. विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्यानं म्हणायला द्या, अर्थ नंतर येऊ द्या. पुस्तकं कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत, आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्याही आहेत. अंगणवाडीच्या ताई त्या छापून घेतात.

अक्षरं जुळवायला लागलेल्या मुलाला त्याच्या वयाचं म्हणून जे पुस्तक छापलेलं असतं त्याच्यापेक्षा एक पायरी सोपं द्या. ते त्यानं एकट्यानं संपवलं पाहिजे. संपवण्याची चव एकदा जिभेला लागली की पुढचं ते स्वतः मागतं. चित्रकथा, 'चिंटू'चे संग्रह, हे सगळं वाचनच आहे. "हे काय, नुसती चित्रं!" म्हणून पालक पुस्तक खाली ठेवायला लावतात, तेव्हा मी मुलाच्या देखत पालकांना काही म्हणत नाही. पुस्तकाची नोंद करते आणि मुलाच्या हाती देते.

आठ ते बारा या वयासाठी मराठीत भरपूर आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून पळतो. बनेशचं, म्हणजे फास्टर फेणेचंच, 'ट्टॉक्' एकदा वाचलेली पोरं आठवडाभर तोंडानं तोच आवाज काढतात. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या', दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' हे खोडकर आणि मनानं चांगले भाऊ आहेत, एक आवडला की दुसरा द्या. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ज्या घरात पुस्तक विकत घेणं जमत नाही पण फोन आहे, तिथं हे आवर्जून सांगा.

'श्यामची आई' कधी द्यावं, यावर नवे लोक नेहमी अडतात. आजी-आजोबा पाच वर्षांच्या नातवासाठी नेतात आणि नातू पळून जातो. हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ते प्रकरणांत नाही, बेचाळीस रात्रींत मांडलेलं आहे. तसंच द्यायचं : घरातल्या मोठ्यानं रोज एक रात्र वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. मूल नऊ-दहा वर्षांचं असावं. एकट्यानं वाचायला दिलं की जड जातं, घोळक्यात ऐकलं की पोचतं.

चौथी पायरी : तेरा ते अठरा

या वयात वाचक गळतात. क्लास, फोन, दहावी, आणि 'लहान मुलांचं नको, मोठ्यांचं कळत नाही' अशी अडचण. माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. नववीतल्या मुलाला घेऊन एक वडील आले. म्हणाले, "ज्ञानपीठ मिळालेलं द्या, भाषा सुधारेल." मी 'ययाति' दिली. वि. स. खांडेकर सांगलीचे, १९७४ चं ज्ञानपीठ मराठीला मिळालेलं पहिलं, हे सगळं अभिमानानं सांगितलंसुद्धा. मुलाकडे मी एकदाही पाहिलं नाही, त्याला काही विचारलं नाही. पुस्तक वडीलच परत घेऊन आले. मुलगा पुढं वर्षभर वाचनालयाची पायरी चढला नाही. 'ययाति' वासनेवरची, आयुष्य भोगून झालेल्या माणसाची कादंबरी आहे. पंधराव्या वर्षी ती का वाचावी? चाळिशीत ती वेगळीच उघडते.

म्हणून या वयात बोला थेट मुलाशी, पालकांशी नंतर. ज्याला कोडी, यंत्रं, आकाश आवडतं त्याला जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' द्या, त्यात लहान-लहान विज्ञानकथा आहेत. ज्याला खेळ आणि भटकंती आवडते त्याला मारुती चितमपल्लींचं जंगल द्या. घुम्या, एकट्या, आतल्या आत बोलणाऱ्या मुलामुलींना प्रकाश नारायण संतांचा लंपन द्या. संत कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. त्यांनी 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या चार पुस्तकांत एक मुलगा असा उभा केला आहे की त्याचा 'मॅडसारखं' हा शब्द वाचणाऱ्याच्या तोंडी बसतो. 'वनवास'पासून सुरुवात करा. पहिली कथा संपेपर्यंत थोडा धीर धर, एवढं सांगून ठेवा.

तेच वर्षभर न आलेलं पोर पुन्हा आलं ते भुताचं पुस्तक मागत. मी धारपांची कादंबरी दिली. एका महिन्यात त्यानं सहा नेल्या, मग मतकरींच्या गूढकथा. नंतर एक दिवस स्वतःच म्हणाला, "मॅडम, भीती नसलेलं पण असंच गुंगवणारं काही आहे का?" तेव्हा मी 'बनगरवाडी' दिली. व्यंकटेश माडगूळकर आटपाडीकडचे, माणदेशचे. पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, शाळा उभी करू बघतो, आणि शेवटी दुष्काळ सगळी वाडी उठवतो. पुस्तक इतकं बारीक आहे की दोन रात्रींत होतं. आमच्याकडे ते सगळ्यांत जास्त वेळा बांधून घ्यावं लागलेलं पुस्तक आहे.

एमपीएससीवाल्या पोरांना वेगळा हिशोब. आमची अभ्यासिका सकाळी सातला भरते आणि तिथली मुलं वर्षानुवर्षं वाचनालयात बसूनही एक गोष्टीचं पुस्तक नेत नाहीत. त्यांना वेळ जाईल ही भीती असते. 'माणदेशी माणसं' द्या, जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांत एक माणूस भेटून जातो. किंवा यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' द्या. देवराष्ट्र्यापासून १९४६ पर्यंतचं आयुष्य त्यात आहे, म्हणजे स्वातंत्र्यचळवळीचा अभ्यासही होतो आणि मनही मोकळं होतं.

पाचवी पायरी : मोठी माणसं आणि पुस्तकांचे प्रकार

आपल्या भागात सगळ्यांत जास्त मागणी ऐतिहासिक कादंबरीला आहे, आणि सगळ्यांत जास्त काळजीही तिथंच घ्यावी लागते. २०२५ मध्ये सिनेमा आल्यावर आयुष्यात पुस्तक न उघडलेले तरुण शिवाजी सावंतांची 'छावा' मागत आले. जाडी बघूनच काहींचे चेहरे उतरले. अशा वेळी पुस्तक नाकारू नका आणि बदलूनही देऊ नका. मी त्यांना सांगायचे, "रोज पंचवीस पानं, तीनदा मुदत वाढवून देते." निम्म्यांनी तरी पूर्ण केली असेल. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांच्यासाठी रणजित देसाईंची 'स्वामी' आहे. माधवराव आणि रमाबाईंची गोष्ट, आकारानं आटोपशीर. ना. सं. इनामदारांची 'राऊ' बाजीराव-मस्तानीची.

पण एक शिस्त पाळा. कादंबरी देताना ती कादंबरी आहे, हे सांगा. संवाद लेखकानं रचलेले असतात, आणि वाचक तेच इतिहास म्हणून चावडीवर भांडतात. ज्याला विश्वास पाटलांची 'पानिपत' आवडली त्याला पुढच्या खेपेला त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' दाखवा. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारे आमच्याकडे पाच-सहाच आहेत, पण त्यांच्या बोलण्यात फरक पडलेला मी पाहिला आहे.

साताऱ्यात जानेवारी २०२६ मध्ये ९९ वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष विश्वास पाटील. त्याआधीच्या दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्ष सांगलीच्या तारा भवाळकर. संमेलन झालं की महिनाभर अध्यक्षांचीच पुस्तकं मागतात, आणि ती संधी वाया घालवू नका. पाटलांची 'झाडाझडती' धरणात गाव गेलेल्यांची आहे. कोयनेच्या किंवा चांदोलीच्या पाण्याखाली ज्यांचं घर गेलं अशा कुटुंबांतली माणसं इथं आहेत. काहींना ती हवी असते, काहींना ती सोसत नाही. आधी विचारा. भवाळकरांचं 'लोकसंचित' जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या बायकांना द्या. आपल्या आईच्या तोंडची गाणी कुणीतरी विद्वानानं एवढ्या आस्थेनं पाहिली, हे त्यांना पहिल्यांदा कळतं.

आत्मचरित्रांत आपला मुलूख श्रीमंत आहे. फलटण भागातल्या बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं', लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' (१९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार), आटपाडीच्या शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ'. ही पुस्तकं 'दलित साहित्य' अशी चिठ्ठी लावून वेगळ्या कपाटात कोंडू नका. आत्मचरित्रांच्या कपाटात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'शेजारी ठेवा. तिथून ती सगळ्यांच्या हाती जातात. आम्ही कपाट बदललं त्या वर्षी 'जिणं आमुचं' आधीच्या पाच वर्षांत मिळून गेलं नव्हतं तितक्या वेळा गेलं.

शेतकऱ्याला शेतकऱ्याच्या दुःखाची कादंबरी द्यावी, असं शहरातून आलेल्या मदतनिसांना वाटतं. द्राक्षबागेवर गारा पडलेल्या वर्षी तर मुळीच नको. तासगावकडच्या बागायतदारांमध्ये मी सर्वांत जास्त चाललेलं पुस्तक पाहिलं ते वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. गुलामगिरीत जन्मलेला, भुईमुगावर आणि मातीवर आयुष्य घालवणारा शास्त्रज्ञ. हे पुस्तक बारा वर्षांच्या मुलालाही चालतं आणि साठीच्या शेतकऱ्यालाही. तुमच्या पन्नासांत ते असलंच पाहिजे.

ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बाईला कविता महाजनांची 'ब्र' ही महिला सरपंचांवरची कादंबरी द्या, पण घरी ठेवायला सुरक्षित जागा आहे ना हे तिच्या बोलण्यातून ओळखा. प्रवासाची हौस आहे पण बाहेर पडता येत नाही अशांना मीना प्रभूंचं 'माझं लंडन'. प्रश्न विचारणाऱ्या कॉलेजकुमाराला साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांचं 'तिमिरातुनी तेजाकडे'. विनोदाला पु. ल. आणि चि. वि. जोशी हुकमी आहेत. दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसायचं असेल तर हेच द्या. आणि 'रुचिरा' हे वाचनाचं पुस्तक नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. कुंडलला जन्मलेल्या कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याच्या मापात लिहिलेलं ते पुस्तक हातात घेऊन वाचनालयात पहिल्यांदा आलेल्या बायका पुढं कादंबऱ्यांपर्यंत पोचल्या आहेत.

ज्यांना वर्णनं कंटाळवाणी वाटतात त्यांना नाटकं द्या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच 'सीता स्वयंवर' केलं आणि नाटककार गो. ब. देवलांचं हरिपूर तर चालत जाण्याच्या अंतरावर. नाटकात सगळं बोलण्यात असतं, पानं भराभर सरकतात. चार जणांनी मिळून मोठ्यानं वाचलं तर संध्याकाळ छान जाते. कवितेची पुस्तकं सुचवून फारशी जात नाहीत. एक कविता फळ्यावर लिहा, संग्रह खाली ठेवा, बास.

सहावी पायरी : आजी-आजोबा

पुस्तक हातात देण्याआधी ते स्वतःच्या एका हातात धरून बघा. जड असेल तर त्यांचं मनगट दुखेल. अक्षर बघा, ओळींमधली जागा बघा, कागद चकाकतो का बघा. चकाकणाऱ्या कागदावर ट्यूबलाइटचा उजेड पडला की मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना काही दिसत नाही. तीन खंडांच्या एका मोठ्या ग्रंथापेक्षा सुट्या प्रकरणांचं पुस्तक बरं.

सगळ्या म्हाताऱ्यांना पोथ्याच हव्यात, असं धरून चालू नका. विश्रामबागेहून येणाऱ्या एक आजी फक्त खुनाच्या गोष्टी नेतात. "देवाचं घरी आहे की," म्हणतात. ज्यांची नजर गेली त्यांच्यासाठी ऐकायची पुस्तकं आहेत, स्टोरीटेलसारख्या अॅपवर मराठी भरपूर मिळतं. घरातल्या नातवाला आमच्या टेबलावर बोलावून आम्ही ते फोनवर घालून देतो. शेटफळ्याच्या गदिमांचं 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक असं छप्पन्न गीतांतून आलं. ज्यांनी ते तेव्हा रेडिओपाशी बसून ऐकलं त्यांना छापील पुस्तक दिलं की ते वाचत नाहीत, गुणगुणतात.

सातवी पायरी : हातात कसं द्यायचं

दोन पुस्तकं द्या, एक बारीक आणि एक जरा जाड. निवड त्यांना करू द्या. पुस्तकाबद्दल दोनच वाक्यं बोला : कुणाची गोष्ट आहे आणि ती कुठं अडकते. पुढचं सांगू नका. "हे वाचलंच पाहिजे" हे वाक्य टेबलावर बंद करा. ते ऐकलं की वाचकाला परीक्षेला बसल्यासारखं होतं, आणि पुस्तक आवडलं नाही तर तो तुम्हाला तोंड दाखवायचं टाळतो. मी नोंद करताना म्हणते, "तीस पानांत नाही जमलं तर परवा आणून द्या, दुसरं बघू." या एका वाक्यानं किती माणसं परत आली असतील, मोजदाद नाही.

आठवी पायरी : परत आल्यावर

खरं काम इथं आहे. पुस्तक टेबलावर ठेवलं की "आवडलं का?" विचारू नका, लोक भिडेनं हो म्हणतात. "कुठपर्यंत वाचलंत?" असं विचारा. मग खरं बोलणं सुरू होतं. एक दोनशेपानी वही ठेवा. दाखल अंक (वाचनालयानं पुस्तकाला दिलेला नोंदीचा क्रमांक), पुस्तकाचं नाव, आणि वाचक बोलला ते त्याच्याच शब्दांत. माझ्या वहीत एका पानावर असं आहे : 'म्हातारा मेला तिथं सोडलं. वडील आठवले. दोन महिन्यांनी परत मागितलं.' पुढच्या माणसाला ते पुस्तक देताना ही ओळ मला कुठल्याही परीक्षणापेक्षा उपयोगी पडते.

महिन्यातून एकदा कपाटांसमोरून सावकाश चाला आणि वर्षानुवर्षं न हललेली दहा पुस्तकं काढा. धूळ पुसा, आठवडी बाजाराच्या दिवशी दारातल्या टेबलावर मांडा, प्रत्येकात एका ओळीची चिठ्ठी घाला. दहापैकी दोन-तीन जातात. गेल्या महिन्यात मधमाशांवरचं एक जुनं पुस्तक मांडलं होतं, त्यावरची शेवटची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. कवठेमहांकाळहून बाजाराला आलेला एक मुलगा ते उभ्यानंच अर्धा तास वाचत राहिला. मग म्हणाला, "कार्ड नाही माझं, काढून मिळेल का?" कार्ड काढून दिलं. मुदत शनिवारी संपते आहे. त्याच्यासाठी मी चितमपल्लींचं एक पुस्तक बाजूला काढून ठेवलं आहे.